कडी कोणत्या बाजूला? – एका भयकथेचे वाचक आणि आपण

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला ‘समुपदेशन आणि बायकांचं मानसिक आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, मी एका भयकथेवर बोलते. संयोजक ताईंना वाटलं मी चेष्टा करतेय. पण गेली काही वर्षं मी ही कथा वस्तीतल्या गटांत, बचत गटांच्या बैठकांत, समाजकार्याच्या विद्यार्थिनींना सांगत आले आहे. ती ऐकून बायका जे बोलतात ते मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. शिवाय या कथेमुळे माझी स्वतःची एक चूक मला नीट कळली. ती चूकही आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

कथेचं नाव ‘द यलो वॉलपेपर’, म्हणजे भिंतीवरचा पिवळा कागद. लेखिका अमेरिकेतली शार्लट पर्किन्स गिलमन. कथा जानेवारी १८९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’मध्ये छापून आली. तेव्हा लेखिकेचं नाव नवऱ्याच्या आडनावाने शार्लट पर्किन्स स्टेटसन असं होतं.

गोष्ट अशी. एक बाई नुकतीच बाळंत झालेली आहे. तिला उदास वाटतं, रडू येतं, थकवा येतो. नवरा जॉन डॉक्टर आहे, भाऊही डॉक्टर. दोघेही म्हणतात, तुला विशेष काही झालेलं नाही, विश्रांती घे. हवापालट म्हणून तीन महिन्यांसाठी एक जुना मोठा वाडा भाड्याने घेतला जातो. तिला खालची, गुलाबाच्या वेलीची खोली हवी असते. नवरा वरची ठरवतो. त्या खोलीच्या खिडक्यांना गज आहेत, भिंतीत कड्या ठोकलेल्या आहेत, पलंग जमिनीला खिळलेला आहे. तिला वाटतं, ही पूर्वी मुलांची खोली असणार. भिंतींवर फाटका, कुबट वासाचा पिवळा कागद. बाईने लिहायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, विचार करायचा नाही. ती चोरून वही लिहिते. ती वही म्हणजेच ही कथा. दिवसभर करायला काही नाही, म्हणून ती कागदावरची नक्षी बघत बसते. हळूहळू तिला नक्षीच्या मागे एक बाई दिसू लागते. वाकून, रांगत, नक्षी हलवून बाहेर यायला धडपडणारी. शेवटच्या दिवशी ती खोलीला आतून कुलूप लावते, किल्ली खाली अंगणात फेकते आणि हाताला लागेल तेवढा कागद ओरबाडून काढते. नवरा दार उघडून आत येतो आणि बेशुद्ध पडतो. ती भिंतीच्या कडेकडेने रांगत राहते, त्याला ओलांडून जाते.

एवढीच कथा. भूत दिसत नाही, रक्त नाही. तरी अंगावर काटा येतो. आता हिचे वाचक बघू.

पहिले वाचक

‘अटलांटिक मंथली’चे संपादक होरेस स्कडर यांनी कथा परत पाठवली. कारण काय, तर वाचून ते स्वतः इतके खिन्न झाले की दुसऱ्यांना तसं दुःख देण्याची त्यांची तयारी नव्हती. कथा वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत.

ती छापून आल्यावर बॉस्टनच्या एका डॉक्टरने वर्तमानपत्रात निषेधाचं पत्र लिहिलं. असलं लिखाण घातक आहे, छापूच नये, असा त्याचा सूर होता. दुसऱ्या एका डॉक्टरने लेखिकेला कळवलं की वेड कसं सुरू होतं याचं इतकं नेमकं वर्णन आपण पूर्वी वाचलेलं नाही. भीतभीत त्याने हेही विचारलं की तुम्ही स्वतः यातून गेला होतात का?

शार्लट त्यातून गेली होती. १८८४ मध्ये तिचं लग्न झालं, १८८५ मध्ये मुलगी झाली आणि त्यानंतर तिला खोल नैराश्य आलं. १८८७ मध्ये ती फिलाडेल्फियाला डॉ. सायलस वेअर मिचेल यांच्याकडे गेली. मिचेल तेव्हाचे अमेरिकेतले नामांकित डॉक्टर. त्यांची ‘विश्रांती चिकित्सा’ प्रसिद्ध होती: कित्येक आठवडे अंथरुणावर, भरपूर दूध आणि स्निग्ध आहार, मालिश, विजेचे हलके झटके, घरच्यांपासून तोडलेलं. वाचन नाही, लेखन नाही. महिनाभराने शार्लटला घरी पाठवलं ते घरसंसारात रमायला, मूल सतत जवळ ठेवायला आणि आयुष्यात पुन्हा लेखणी-कुंचला हातात न धरायला सांगून. तिने तीन महिने हा सल्ला पाळला आणि ती वेडाच्या काठावर पोचली. मग सल्ला झुगारून कामाला लागली, १८८८ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली. १८९८ मध्ये तिने ‘विमेन अँड इकॉनॉमिक्स’ हे बायकांच्या आर्थिक परावलंबनावरचं गाजलेलं पुस्तक लिहिलं. कथेतही जॉन बायकोला धाक घालतो की सुधारली नाहीस तर वेअर मिचेलकडे पाठवीन. डॉक्टरांचं नाव सरळ छापलं आहे.

याच मिचेलनी थकल्याभागल्या पुरुषांना काय सांगितलं तेही ऐका. ओवेन विस्टर नावाचा हार्वर्डमध्ये शिकलेला तरुण त्यांच्याकडे आला, त्याला १८८५ मध्ये त्यांनी पश्चिमेकडे, वायोमिंगच्या मोकळ्या मुलखात पाठवलं. घोड्यावर बस, शिकार कर, मोकळी हवा घे. तो तिथे रोजनिशी लिहू लागला आणि पुढे नावाजलेला कादंबरीकार झाला. पुरुषाला माळरान, बाईला पलंग. पुरुषाच्या हाती वही, बाईच्या हातून वही काढून घ्यायची. डॉक्टर एकच.

इथे आपल्याला जवळचा एक धागा आहे. याच फिलाडेल्फियात स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आपल्या आनंदीबाई जोशी शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या आणि त्याच वर्षी शार्लट फिलाडेल्फियात मिचेलसमोर बसली होती. एकाच शहरात बायका डॉक्टर होत होत्या, आणि डॉक्टर बायकांना सांगत होते की डोकं चालवू नका.

भयकथेचे वाचक

नंतरच्या काळात ही कथा भयकथा म्हणूनच जास्त ओळखली गेली. १९२० मध्ये विल्यम डीन हॉवेल्स यांनी ती आपल्या निवडक अमेरिकन कथांच्या संग्रहात घेतली, ती रक्त गोठवणारी कथा म्हणून. १९२७ मध्ये भयकथांचे प्रसिद्ध लेखक लव्हक्राफ्ट यांनी तिला अभिजात म्हटलं. त्यांनी खिडकीचे गज नीट पाहिले आणि अर्थ लावला की या खोलीत पूर्वी एखादी वेडी बाई कोंडलेली असणार, तिची छाया या बाईवर पडते आहे.

यावर थांबा. लव्हक्राफ्ट मोठे जाणकार वाचक. त्यांना गज दिसले, पण पूर्वीच्या बाईसाठी. समोर जी बाई कोंडलेली आहे, तिला नवऱ्याने कोंडलं आहे, हे त्यांच्या लेखी भीतीचं कारण नव्हतं.

मात्र एक दंतकथा आपल्या चळवळीतही फिरते, की १९७० पर्यंत कुणालाच ही कथा कळली नाही आणि मग स्त्रीवाद्यांनी तिचा अर्थ शोधला. ते पूर्ण खरं नाही. ज्युली बेट्स डॉक या अभ्यासक बाईंनी १९९६ मध्ये जुनी परीक्षणं काढून दाखवलं की काही वाचकांना नवरा-बायकोचा मुद्दा तेव्हाच दिसला होता. १८९९ मध्ये कथा छोट्या पुस्तकाच्या रूपात आली, तेव्हा मताधिकार चळवळीच्या ‘वुमन्स जर्नल’मध्ये तशा अंगाने परीक्षण आलं होतं. म्हणजे कळलेलं होतं, पण टिकलं नाही. आपलंही असंच झालं आहे. ताराबाई शिंदेंचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ चं. जोतीराव फुल्यांनी तेव्हाच त्यांची बाजू घेतली. तरीही ते पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणलं. बाईचं म्हणणं दर पिढीला नव्याने ऐकवावं लागतं.

आपल्या वाचक

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या ‘फेमिनिस्ट प्रेस’ने ही कथा स्वतंत्र पुस्तक म्हणून काढली. एलेन हेजेस यांनी त्यात सविस्तर लेख लिहिला आणि लग्नसंस्थेतल्या सत्तेची कथा म्हणून ती घरोघर पोचली. मग वाद सुरू झाला: शेवटी बाई जिंकली की हरली? हेजेस म्हणाल्या, हरली. ती वेडी झाली आहे, जमिनीवर रांगते आहे. १९७९ मध्ये गिल्बर्ट आणि ग्यूबर यांनी यात सुटका पाहिली. १९८९ मध्ये सुझन लँसर यांनी आपल्याच मैत्रिणींना टोकलं, की आपण गोऱ्या, शिकलेल्या बायका या कथेत फक्त स्वतःचा चेहरा बघतोय. त्या काळी अमेरिकेत चिनी आणि इतर स्थलांतरितांबद्दल जी घृणा पसरली होती, तिचा रंगही पिवळाच होता. आणि खुद्द गिलमनबाईंनी १९०८ मध्ये लिहिलं होतं की जे काळे लोक मागे राहिलेत त्यांना सरकारने सक्तीने कामाच्या पलटणीत भरती करावं. ज्या बाईला स्वतःची कोंडी इतकी स्पष्ट दिसली, तिला दुसऱ्यांना कोंडताना काही वाटलं नाही. हे लपवून आपण तिचा फोटो भिंतीवर लावू नये.

लँसरबाईंचं लिखाण वाचण्याआधीच हा प्रश्न मला आमच्या गटात मिळाला होता. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक मावशी गोष्ट ऐकून म्हणाल्या, “तिचं पोर कोण सांभाळत होतं?” मी म्हटलं, मेरी नावाची बाई. “मग तिची गोष्ट कोणी लिहिली? आम्हाला तीन महिने पलंगावर कोण निजू देतं गं?” सगळ्या हसल्या. मग त्याच मावशी थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण बोलायला माणूस नसेल तर पलंग काय करायचा?”

एका म्हाताऱ्या आजींनी सांगितलं की आपल्याकडेही बाळंतिणीला सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, वारा लागू द्यायचे नाहीत. “पण आई असायची. न्हाऊ घालणारी यायची, ती गावभरच्या गोष्टी सांगायची. शेक घेताना रडलं तरी चालायचं.” एक जण म्हणाली, “आमच्या गावात असतं तर बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे नेली असती.” आणि एक लहानखुरी मुलगी, कडेवर मूल, इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “आमच्या भिंतीला ओल आहे. पोपडे आलेत. मलापण त्यात तोंडं दिसतात. मी कोणाला सांगितलं नाही.”

त्या दिवशी गोष्ट तिथेच थांबवली आणि तिच्याशी बोलत बसलो. पुढे तिला डॉक्टरांकडे नेलं, औषधं सुरू झाली, आठवड्याला दोघी-तिघी तिच्या घरी जाऊन बसू लागल्या. हे मुद्दाम सांगते, कारण ही कथा ऐकून ‘डॉक्टर म्हणजे शत्रू’ असा अर्थ कोणी काढू नये. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा खरा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, ते मिळाले पाहिजेत. गिलमनबाईंनीही १९१३ मध्ये कथा का लिहिली ते सांगताना असाच खुलासा केला, की कुणाला वेड लावायला ती लिहिली नव्हती, वेड लागण्यापासून वाचवायला लिहिली होती. एका कुटुंबाने कथा वाचून घाबरून आपल्या आजारी बाईला पुन्हा नेहमीच्या कामाधामात वावरू दिलं आणि ती बरी झाली, हे ऐकून त्यांना कृतार्थ वाटलं. मिचेलनी आपली पद्धत बदलली असंही त्यांच्या कानावर आलं होतं. अभ्यासकांना मात्र त्याचा पुरावा सापडलेला नाही.

माझं वाचन

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी मी एका समुपदेशन केंद्रात काम करत होते. पदव्युत्तर पदवी घेऊन आलेली, आत्मविश्वास भरपूर. एक तरुण बाई आली, मूल आठ महिन्यांचं. बरोबर नवरा आणि सासू. नवरा नीट बोलणारा, पाणी आणून देणारा. ती एकच सांगत होती: “रात्री दाराबाहेर कोणीतरी येऊन उभं राहतं. मला झोप लागत नाही.” मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली. मी केसपेपरवर लिहिलं: ‘भास होत असावेत. पती समजूतदार, सहकार्य करणारे.’ तिला एकटीला आत घेऊन बोलले नाही. नवऱ्याने कागदाची प्रत मागितली, ती मी दिली.

वर्षभराने तो कागद घटस्फोटाच्या अर्जाला जोडून न्यायालयात आला. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, आणि मुलाच्या ताब्यासाठीही तोच कागद पुढे केला होता. तिच्या वकीलबाईंचा मला फोन आला. मी तिला माहेरी जाऊन भेटले. तेव्हा पहिल्यांदा विचारलं, “कोण उभं राहायचं?” ती म्हणाली, “सासरे. रात्री कडी नीट लागलीय का ते बघायला यायचे. खोलीची कडी बाहेरून होती ना.”

मी भिंतीकडे बघत राहिले. तिने खरं तेच सांगितलं होतं. मी त्याला भास म्हटलं होतं.

पुढे मी न्यायालयात जाऊन सांगितलं की मी डॉक्टर नाही, निदान करण्याचा मला अधिकार नव्हता, ती नोंद मी तिच्याशी न बोलता केली होती. त्या केंद्रातल्या वरिष्ठांना ते आवडलं नाही. ती आज आईकडे राहते, मूल तिच्याजवळ आहे. पण ते दीड वर्ष तिला मी परत देऊ शकत नाही.

त्यानंतर ही कथा पुन्हा वाचली. विद्यार्थिनी असताना जॉनचा राग आला होता. आता दिसलं की जॉन दुष्ट नाही. तो प्रेमाने बोलतो, काळजी घेतो, तिला लहान मुलीसारखं चुचकारतो. फक्त तिचं म्हणणं ऐकायच्या आधीच त्याला उत्तर माहीत असतं. त्याची बहीण जेनीही घर नीट सांभाळते आणि मानते की लिहिण्यामुळेच वहिनी आजारी पडली. मी केसपेपर लिहिताना जॉन होते, आणि केंद्राचं काम नीट चाललंय म्हणून खूश असणारी जेनीही होते.

आपण काय करायचं

आमच्या गटाने या अनुभवातून काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. तुमच्या भागाप्रमाणे त्यात भर घाला.

एक, बाई कोणाहीबरोबर आली तरी तिच्याशी आधी एकटीशी बोलायचं. दोन, ती जे सांगते ते तिच्याच शब्दांत लिहायचं. ‘भास’, ‘संशयी’, ‘हिस्टेरिक’ हे शब्द आपण वापरायचे नाहीत. तीन, तिच्या संमतीशिवाय कागद कोणालाही द्यायचा नाही, नवऱ्याला तर नाहीच. चार, ती काही विचित्र सांगत असली तर घर कसं आहे ते विचारायचं: कुठल्या खोलीत झोपतेस, कडी कोणत्या बाजूला आहे, मोबाइल कोणाकडे असतो, माहेरी शेवटचं कधी बोललीस? पाच, उपचार लागत असतील तर तिला विश्वासात घेऊन न्यायचं आणि नंतरही जात-येत राहायचं.

कायदाही माहीत हवा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. समाजाच्या नैतिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक चालीरीतींप्रमाणे वागत नाही म्हणून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं तो सांगतो. न्यायालयात कोणी मानसिक आजाराचा पुरावा दिला आणि समोरच्या पक्षाने हरकत घेतली, तर कलम १०५ प्रमाणे ते प्रकरण मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासणीसाठी पाठवावं लागतं. उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये, असंही त्यात आहे. नवऱ्याने फडकवलेला कागद म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे आपल्या बायकांना सांगायला पाहिजे.

आता मी थांबते. दुपारच्या सत्रात गटचर्चा आहे. तिथे प्रत्येकीने एक आठवण सांगावी अशी माझी विनंती आहे: एखादी बाई काहीतरी सांगत होती आणि आपण ते ऐकलं नाही, अशी. सुरुवात अवघड वाटेल. म्हणून माझी आधी सांगून टाकली.